दोनशे वीस, या, बसा, पाणी घ्या

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत मी लागले ती लॉट नंबर टाइप करायला. कपाशीचे लॉट, मक्याचे लॉट, तुरीचे लॉट. दिवसभर आकडे टाकायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी साधं वय विचारलं तरी तोंडातून लांबलचक नंबर निघायचा, अशी ती नोकरी. मेल सर्व्हर नावाची वस्तू कधी आपल्या गळ्यात पडेल असं मला वाटलं नव्हतं. ती पडली याचं कारण एवढंच, की अख्ख्या ऑफिसात प्रिंटरचं कार्ट्रिज फक्त मला बदलता येत होतं.

कॉम्प्युटरचं सगळं काम आधी एक सर बघायचे. उंच, सावकाश बोलणारे, आणि कितीही मोठा बिघाड झाला तरी हातातलं काम संपवूनच उठणारे. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांची जागा होती आणि तिथे हॉटेल टाकायचं त्यांच्या डोक्यात कधीचं होतं. एक दिवस त्यांनी मालकांना सांगितलं की आता जातो.

मालक म्हणाले, "जा बाबा. पण तुझं हे सगळं कोण बघंल?"

सरांनी ऑफिसभर नजर फिरवली. मी प्रिंटरपाशी दोन्ही हात काळे करून उभी होते.

"ही ताई बघंल," ते म्हणाले.

मग ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले. बियाण्याची उगवण जिथे तपासतात त्या खोलीला लागून एक लहानशी खोली होती. तिथे लोखंडी मांडणीवर एक काळा डबा घूं घूं करत बसला होता.

"हा मेल सर्व्हर," सर म्हणाले. "चालू हाय."

"बरं," मी म्हणाले.

"चालू हाय तोवर हात लावू नको."

"अन् बंद पडला तर?"

"मंग लाव."

एवढ्यावर माझं शिक्षण संपलं. पासवर्ड सांगून झाल्यावर सर सगळ्यांबरोबर पोहे खाऊन निघून गेले.

पुढे मी हळूहळू शिकले. कुणी नवीन आला की त्याचा मेल उघडून द्यायचा, कुणी पासवर्ड विसरला की नवा द्यायचा, हे सगळं ब्राउझरमधल्या एका पानावर बटणं दाबून होत होतं. कनेक्टर म्हणजे काय हेही मला त्याच पानावर कळलं. मेल सर्व्हरला दारं असतात. बाहेरचे मेल आत येतात ते एका दारानं, आपले बाहेर जातात ते दुसऱ्या दारानं, आणि ऑफिसातलं स्कॅनर वगैरे मेल पाठवतं ते तिसऱ्या दारानं. या दारांना कनेक्टर म्हणतात आणि प्रत्येकाची आपापली सेटिंग असते. मला पानावर त्यांची नावं दिसायची, पुढे हिरवी खूण दिसायची, आणि हिरवं आहे म्हणजे चांगलंच असणार म्हणून मी ते पान बंद करायचे. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी मी, तीर्थपुरीची. हिरव्यावर आमचा फार विश्वास.

खरिपाच्या आधीचे दिवस होते. हैदराबादची एक मोठी कंपनी आमचं मक्याचं बियाणं घेणार होती. बोलणी होत आली होती, फक्त त्यांच्याकडून मेलवर ऑर्डर यायची बाकी होती. ऑर्डर काही येईना. मालक रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारत, "आलं का हैदराबादचं?" आणि मी रोज म्हणायचे, "न्हाई भाऊ."

मग एका दुपारी हैदराबादहून फोन आला, तो थेट मलाच. बोलणारे साहेब त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा बघत होते. आवाज अगदी हळू, दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा.

"मॅडम, आपके सर्व्हर में कोई घुसा है क्या?"

मी उठून मागच्या खोलीत डोकावून आले. कुणी नव्हतं. "नहीं सर, खाली है," मी म्हणाले.

"वैसा नहीं मॅडम. हमारे सर्व्हर ने आपके सर्व्हर को कनेक्ट किया, तो आपके सर्व्हर ने कुछ बोला."

"क्या बोला?"

कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेबांनी एकेक शब्द तोडून वाचलं, "टू टू झीरो. या बासा. पानी घ्या. काम बोला."

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच वाचलं, या वेळी जरा घाबरून. त्यांनी ते वाक्य भाषांतराच्या मशिनला दिलं होतं म्हणे. ही कुठल्यातरी लांबच्या बेटावरची भाषा आहे असं मशिन म्हणालं होतं आणि त्याचा अर्थ 'होय, ओले, धाडस' असा सांगितला होता. हे वाचून त्यांच्या ऑफिसात मीटिंग झाली होती. आमच्या सर्व्हरवर कुणीतरी ताबा मिळवला आहे असं समजून त्यांनी आमचे मेल जायचे आणि यायचे, दोन्ही बंद करून टाकले होते.

"सर, ये मराठी है," मी म्हणाले. "आइए, बैठिए, पानी लीजिए, काम बताइए."

"किसको बोल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"आपके सर्व्हर को."

"क्यों?"

"देखना पड़ेगा सर," मी म्हणाले. साहेबांनी सांगितलं की हे वाक्य कनेक्टरच्या सेटिंगमध्ये असतं, ते ब्राउझरच्या पानावर दिसत नाही, कमांड लिहूनच बघावं लागतं. ते बघा, कुणी लिहिलं ते शोधा, काढून टाका आणि आम्हाला स्क्रीनचा फोटो पाठवा, म्हणजे आम्ही मेल सुरू करू.

मी मालकांना जाऊन सांगितलं. आमचे मालक साठीच्या पुढचे. शर्टाच्या खिशात पेन असतो तसे त्यांच्या खिशात कायम मक्याचे दाणे. मेल ते स्क्रीनवर वाचत नाहीत, कागदावर काढून आणायला लावतात. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

"आपला डबा लोकांना पाणी विचारून राह्यला?"

"तसंच दिसतंय भाऊ."

"मला दाखव," ते म्हणाले आणि आपली खुर्ची उचलून माझ्या मागे मागच्या खोलीत आले.

कमांड लिहायची स्क्रीन मी तोपर्यंत कधीच उघडली नव्हती. ती उघडायलाच इतका वेळ लागला की मालकांनी मधल्या वेळात खिशातले दाणे मोजले, परत खिशात टाकले. शेवटी काळी स्क्रीन उघडली आणि वरच पिवळ्या अक्षरात काहीतरी आलं.

"काय म्हणतंय?" मालकांनी विचारलं.

"आजची सूचना हाय भाऊ. रोज एक नवीन येती म्हणे."

"म्हणजे सुविचार. काय हाय आजचा?"

मी मराठीत करून सांगितलं, "सगळ्यांना एकदम बघायचं असंल तर नावाच्या जागी तारा वापरा." तारा म्हणजे कीबोर्डवरची चांदणी, हे सांगायच्या आत मालकांनी शिपायाला हाक मारून ते वाक्य बाहेरच्या फळ्यावर लिहायला सांगितलं. आमच्या ऑफिसच्या दारात सुविचाराचा फळा आहे. 'सगळ्यांना एकदम बघायचे असेल तर तारा वापरा' हे वाक्य त्या फळ्यावर आठवडाभर होतं. बियाणं न्यायला आलेले दुकानदार ते वाचून मान हलवायचे. एकानं तर डायरीत उतरवून घेतलं.

मी पहिली कमांड लिहिली. मध्ये एक रेघ कमी पडली आणि सगळी स्क्रीन लाल अक्षरांनी भरली.

"लाल झालं," मालक म्हणाले.

"चुकलं माझं. पुन्हा करते."

"काही बिघडलं असंल तर आत्ताच सांग."

"भाऊ, या कमांडीची सुरुवात गेटनं होती. गेट म्हणजे फक्त बघणं. बघितल्यानं काही बिघडत न्हाई. बदलायचं असंल तर सेट लिहावं लागतं."

"अस्सं. मंग बघ. बिनधास्त बघ."

दुसऱ्या वेळी मी अक्षर अक्षर बघून लिहिलं, गेट-रिसीव्हकनेक्टर. आत येणाऱ्या सगळ्या दारांची यादी खाली उमटली. प्रत्येकाचं नाव, पुढे नंबर, आणि शेवटी ट्रू.

"ट्रू म्हणजे खरं ना?" मालक म्हणाले.

"इथं चालू असा अर्थ हाय."

"असू दे. सगळेच खरं बोलून राह्यले, चांगलं हाय."

पण आम्हाला हवं होतं ते त्यात नव्हतं. हैदराबादच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की नुसती यादी मागितली तर वरवरचंच दिसतं. सगळं बघायचं तर तीच कमांड लिहून पुढे एक उभी रेघ मारायची आणि फॉरमॅट-लिस्ट लिहायचं. मी ते केलं. आणि मग जे सुटलं, ते थांबेचना. ओळींमागून ओळी वर पळायला लागल्या.

"थांबव, थांबव," मालक खुर्चीतून उठले.

"थांबत न्हाई भाऊ. संपू द्या."

संपल्यावर मी माउसनं सावकाश वर गेले आणि आम्ही दोघं एकेक ओळ वाचायला लागलो. वाचायला म्हणजे मी वाचायचे आणि अर्थ जमेल तसा सांगायचे. मेल जास्तीत जास्त केवढा मोठा चालेल, एका वेळी किती जण आत येऊ शकतील, असं सगळं. एका ओळीशी मालकांनी मला थांबवलं. कनेक्शन जोडून समोरचा गप्प राहिला तर काही मिनिटांनी ते तोडायचं, अशी ती सेटिंग होती.

"म्हणजे पाहुणा गप बसला तर हा त्याला हाकलतो?"

"हो."

"पाणी विचारून?"

"हो भाऊ."

"हे बराबर न्हाई," मालक म्हणाले.

त्याच्या खालीच ते होतं. बॅनर नावाची ओळ. बॅनर म्हणजे दुसरा सर्व्हर दाराशी आला की आपला सर्व्हर त्याला सगळ्यात आधी म्हणतो ते वाक्य. इंग्रजी अक्षरांत अगदी स्वच्छ लिहिलेलं, आधी दाराशी म्हणायचा ठरलेला आकडा, दोनशे वीस, आणि पुढे या बसा पाणी घ्या काम बोला. मी मोठ्यानं वाचलं. मालकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन स्वतः वाचलं.

आणखी खाली गेलो तर प्रत्येक दारावर काही ना काही होतंच. स्कॅनर ज्या दारानं यायचं तिथे लिहिलं होतं, तू पुन्हा आलास का. हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या दारावर होतं, हं, आता काय. फाटकाजवळच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी मेल पाठवायचा, त्याच्या दारावर होतं, वजन बराबर सांग.

मी मालकांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. सौदा अडकला होता, आणि तोही अशा गोष्टीसाठी.

"यात चूक काय हाय?" ते म्हणाले. "दारात आलेल्याला असंच म्हणतेत."

"पण हे सर्व्हर हायेत भाऊ. मशिनी."

"मंग? मशिनीला काय, उलटं बोलावं का?"

हे कुणी लिहिलं ते सांगायची गरजच नव्हती. सरांना फोन लावला, पण दुपारच्या गर्दीत ते फोन उचलत नाहीत. मालक म्हणाले, "चल, जाऊनच येऊ. मला तसंबी अंबडला जायचं हाय." अंबडला त्यांना काही काम नव्हतं. गाडी अंबड ओलांडून गेली तरी त्यांनी नाव काढलं नाही, थेट वडीगोद्रीलाच उतरलो.

सरांचं हॉटेल बरं चाललं होतं. पुढे ट्रक उभे होते, आत बाकड्यांवर माणसं होती आणि सर कढईशी उभे राहून भजी तळत होते. आम्हाला बघून त्यांनी झारा दुसऱ्याकडे दिला, फडक्याला हात पुसले आणि एक बाकडं रिकामं करून दिलं. दोन तांबे पाणी आणून ठेवलं.

"आता काम बोला म्हण," मालक म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. "सापडलं का?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर काही फरक नाही.

"सर, हैदराबादवाल्यांना सापडलं," मी म्हणाले. "त्यांना वाटलं आपल्यावर हल्ला झाला."

सरांना याचं मनापासून आश्चर्य वाटलं. "हे माणसानं वाचलं?" ते म्हणाले. "मला वाटलं, मशिनच वाचून राह्यली, तिला काय कळतंय."

"पण कामून लिहिलं सर?"

सर बसले आणि त्यांनी सावकाश सांगितलं. सर्व्हर नवीन होता तेव्हा त्याची तपासणी करायला ते स्वतःच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच्या दाराशी जायचे. दरवेळी तो आपलं लांबलचक नाव सांगायचा, सेवा तयार आहे म्हणायचा आणि तारीख, वेळ सांगायचा. "कुणाच्या दारात गेलो अन् त्यानं आधी आपली पदवी सांगितली तर कसं वाटतं तुम्हाला?" सर म्हणाले. "मला रोज ते ऐकू आलं. एक दिवस बदलून टाकलं. आपण या म्हटलं की समोरचा सर्व्हर हेलो म्हणतो. म्हणजे नियमच हाय तसा, त्यानं हेलो म्हणायचंच. तेबी बिचारं तोतरं, एहलो म्हणतं. मंग आपण नीट बोलायला काय झालं?"

मालकांना हे पटलं. त्यांनी भज्यांची दुसरी प्लेट मागितली. मग त्यांच्या मनात एक शंका आली.

"पाणी विचारलं, चहा का न्हाई विचारला?"

"चहा म्हटलं की थांबावं लागतं," सर म्हणाले. "मेल तुंबले असते."

मालकांनी मान हलवली. मी विचारलं की आणखी कुठे काही लिहून ठेवलं आहे का, असलं तर आत्ताच सांगा, परत हैदराबादहून फोन नको. सरांनी जरा आठवून सांगितलं की बाहेर जाणाऱ्या दारावर एक आहे, पण ते बाहेर कुणाला दिसत नाही. तिथे शेऱ्याची एक रिकामी जागा असते. त्यात त्यांनी लिहिलं होतं, नीट जा, पोचलं की कळव.

"अन् कळवतंय का?" मालकांनी विचारलं.

"बराबर कळवतंय. मेल पोचला की समोरचा अडीचशे म्हणतो. अडीचशे म्हटलं की समजायचं, पोचलं."

परतताना गाडीत मालकांच्या मांडीवर भज्यांची पुडी होती. जालना जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "दोनशे वीस म्हणजे या, अडीचशे म्हणजे पोचलं. सोपं हाय की."

दुसऱ्या दिवशी मी हैदराबादच्या साहेबांना फोन लावून सगळी हकिकत सांगितली. हल्ला नाही, आधीच्या सरांनी प्रेमानं लिहिलेलं वाक्य आहे, बदलून टाकते. मालक शेजारीच होते. त्यांनी फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि मला बाजूला सारलं.

"साब," मालक म्हणाले, "आमच्या मशिननं तुमच्या मशिनला गाली दिया क्या?"

"नहीं सर, गाली नहीं दिया."

"पानी पूछा."

"जी सर, पानी पूछा. लेकिन सर, पॉलिसी है. बॅनर में सिर्फ सर्व्हर का नाम चलता है. भावना नहीं चलती."

मालकांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "भावना चालत न्हाई म्हणतो." आणि मग त्यांनी जो पवित्रा घेतला तो मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पाहिला होता, फोनवर कधी पाहिला नव्हता. ते सौदा करायला लागले.

"ठीक है. काम बोला काढून टाकतो. बाकी राहू दे."

"नहीं सर."

"बसा पण काढतो. या अन् पाणी घ्या ठेवतो."

"सर, पानी तो बिलकुल नहीं चलेगा. पानी की वजह से ही मीटिंग हुई थी."

"मंग पाणी काढतो," मालक अगदी खिशातून काही देत असल्यासारखे म्हणाले. "फक्त या ठेवतो. वाय, ए. दोन अक्षरं. पुढं तुमच्या मनासारखं सर्व्हरचं नाव."

पलीकडे साहेब मागे कुणाशी तरी बोलले. कुणीतरी हसल्याचा आवाज आला.

"सर, अंग्रेजी में पढ़ा तो वो 'यस' जैसा लगता है," साहेब म्हणाले. "ठीक है. वाय ए. उससे ज्यादा नहीं."

"मंजूर," मालक म्हणाले आणि सवयीनं फोनला हात जोडले.

आता माझ्यावर आलं. आम्ही दोघं पुन्हा मागच्या खोलीत गेलो. या वेळी गेट नव्हतं, सेट होतं. मालकांनी शेजारच्या खोलीतला पंखाही बंद करायला सांगितला, कशासाठी ते त्यांनाच माहीत. मी कमांड लिहिली, बॅनर लिहिलं, आधी या आणि पुढे सर्व्हरचं नाव. बटण दाबलं. पुन्हा सगळं लाल.

मी ओळी वाचल्या. बॅनरची सुरुवात दोनशे वीसनंच व्हायला पाहिजे, नाहीतर सर्व्हर ते घेत नाही, असं त्यात होतं. घाईत मी आकडाच विसरले होते.

"दोनशे वीस सोडलं व्हय?" मालक म्हणाले. "मी गाडीत सांगितलं होतं तुला."

ते त्यांनी खरंच सांगितलं होतं. मी आकडा घालून पुन्हा बटण दाबलं. या वेळी काहीच झालं नाही. लाल नाही, पिवळं नाही, एक शब्द नाही. नुसती रिकामी ओळ आणि तिच्या सुरुवातीला लुकलुकणारी रेघ.

"काय म्हणालं?" मालकांनी विचारलं.

"काहीच न्हाई. काही म्हणालं न्हाई म्हणजे झालं."

"आमच्या घरी उलटं हाय," मालक म्हणाले.

खात्री करायला मी पुन्हा गेटनं बघितलं. मुख्य दारावर नवं बॅनर होतं. स्कॅनरचं, हिशोबाचं आणि काट्याचं होतं तसंच होतं. ते काढू का, असं मी मालकांना विचारलं. ते आतल्या आतलं आहे, घरात कसंही बोलतात, राहू दे, असं ते म्हणाले. मी स्क्रीनचा फोटो काढून मोबाइलवरून हैदराबादच्या साहेबांना पाठवला आणि पाठवल्यावर लक्षात आलं की फोटोत फक्त मुख्य दार नाही, सगळीच दारं आली आहेत.

दुपारभर मी फोनकडे बघत बसले. संध्याकाळी साहेबांचं उत्तर आलं. वर कडक इंग्रजीत लिहिलं होतं की तपासणी पूर्ण झाली, मेल सुरू करत आहोत, आतले कनेक्टर आमच्या तपासणीत येत नाहीत. आणि अगदी खाली, वेगळ्या ओळीत, हिंदीत विचारलं होतं की हिशोबवाल्याला हा सर्व्हर जे काही म्हणतो त्याचा अर्थ काय. मी अर्थ कळवला. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, हमारे यहां भी यही बोलना चाहिए.

ऑर्डर त्याच आठवड्यात आली. मक्याचं बियाणं गेलं. मालकांनी ऑर्डरचा मेल कागदावर काढून आणायला लावला आणि माझ्याकडे बघून फक्त "अडीचशे" म्हणाले.

त्यानंतर त्यांना एक छंदच लागला. काम नसलं की ते खुर्ची घेऊन मागच्या खोलीत यायचे आणि म्हणायचे, "जरा गेट कर." मी कधी कुणाचा मेलबॉक्स किती भरला ते दाखवायचे, कधी रांगेत थांबलेले मेल दाखवायचे. एकदा त्यांनी बॅनर मराठी अक्षरांत लिहायचा हट्ट धरला. मी ते करून बघितलं तर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. मालकांनी ती बराच वेळ बघितली. "हा आपल्यालाच विचारून राह्यला," ते म्हणाले, आणि हट्ट सोडून दिला.

पुढे बऱ्याच कंपन्यांसारखे आमचेही मेल दूरच्या एका मोठ्या सर्व्हरवर गेले. तो कुठे आहे हे मला माहीत नाही, मालकांनाही नाही. कमांड लिहायची स्क्रीन तिथेही आहे आणि कनेक्टर तिथेही बघता येतात, पण दारात कुणाला काय म्हणायचं हे आता आपल्या हातात नाही. हे मी मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की मग तो काय म्हणतो. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच्या दाराशी जाऊन बघून आले आणि सांगितलं, आपलं नाव सांगतो, तयार आहे म्हणतो, तारीख सांगतो.

"बरं," मालक म्हणाले.

आमचा काळा डबा बंद करायच्या दिवशी ते मुद्दाम आले होते. मी बंद करायचं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर 'कृपया थांबा' असं इंग्रजीत आलं ते जाईचना. पांढऱ्या ठिपक्यांचं एक कडं गोल गोल फिरत राहिलं. मालक उभ्यानं कंटाळले, खुर्चीत बसून कंटाळले आणि शेवटी जेवायला निघून गेले. मी थांबले. बऱ्याच वेळानं डब्याची घूं घूं कमी होत होत बंद झाली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की शेजारच्या उगवणीच्या खोलीतला पंखा केवढा करकरतो. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून त्यात तेल घालून घेतलं.